ढवळेसाहेबांचं अर्धं वाक्य

वीज गेली आहे. पंखा मंदावतो तशी त्याची पाती सुटी होत जातात. आधी नुसती करडी चकती, मग तीन पाती, मग एकेका पात्यावरची धूळसुद्धा. मी दिवाणावर आडवी आहे. छातीवर प्रुफाचे कागद आहेत, त्यांत पान एकशे अडतीस सगळ्यात वर. वैशाखातली दुपार, अडीच वाजून गेलेत. चार वाजता प्रेसमधून दस्तगीरभाईंचा फोन येईल आणि या पानाचं काय करायचं ते मी त्यांना सांगायचं आहे. ते मला अजून माहीत नाही.

झोप लागायच्या आत एवढं सांगून ठेवते.

माझं नाव कुंदा सबनीस. नोकरीची सगळी वर्षं मी एका कोशाच्या कामात घालवली. कोश शब्दांचा नाही, उद्गारांचा. निरनिराळ्या देशांच्या जमिनीबद्दल आणि तिथल्या माणसांच्या स्वभावाबद्दल कुणी काही लक्षात राहण्यासारखं बोलून गेलं असेल, तर ते देशवार लावायचं, खाली बोलणाऱ्याचं नाव आणि साल. त्यात खलाशी आहेत, व्यापारी आहेत, तुरुंगातून सुटून आलेली माणसं आहेत. एका बर्फाळ देशाबद्दल तिथल्या दीपगृहाचा रखवालदार म्हणतो की आमच्याकडे माणसं तोंड कमी उघडतात, कारण उघडलं की थंडी आत शिरते. एका वाळवंटाबद्दल एक परदेशी डॉक्टरीण म्हणते की इथे रुग्ण दुखणं सांगायच्या आधी वारा कुठून आहे ते सांगतो. अशी साडेचारशे पानं. मी निवृत्त झाले तरी तिसऱ्या आवृत्तीचं काम माझ्याकडेच आलं, कारण ते करणारं दुसरं कुणी उरलं नव्हतं.

पान एकशे अडतीसवर आपला देश आहे आणि त्यात ढवळेसाहेबांचं वाक्य.

एकनाथ ढवळे सरकारी भूजलतज्ज्ञ होते. दुष्काळी तालुक्यांत हिंडायचं आणि बोअर कुठे मारायचा ती जागा दाखवायची, हे त्यांचं काम. त्यांनी आमच्या कार्यालयाला एक टिपण पाठवलं होतं आणि त्याच्या शेवटी ते वाक्य होतं: ‘हा देश वरून कोरडा दिसतो, पण खणलं की ओल लागते, माणसंही तशीच.’ एकोणनव्वद साली आम्ही ते छापलं आणि ते सुटलंच. पुढाऱ्यांच्या भाषणांत गेलं, कॅलेंडरांवर गेलं, शाळांच्या भिंतींवर गेलं. अकरा वर्षांपूर्वी साहेब विट्यात वारले, तेव्हा वर्तमानपत्रातल्या बातमीच्या डोक्यावरही तेच होतं.

ते वाक्य अर्धं आहे. उरलेलं अर्धं मी गाळलं. मजकूर पानातून एक ओळ बाहेर जात होता, हे सांगायचं कारण. ते अर्धं मला घरगुती वाटलं, चांगल्या भारदस्त वाक्याचं वजन घालवणारं, हे खरं कारण. हस्तलिखित पुढे रद्दीत गेलं. साहेब त्यांची प्रत न्यायला आले, उभ्या उभ्या पान उघडून पाहिलं, “छान छापलंय” म्हणाले, चहा घेतला आणि गेले. ती मी संमती धरली.

गेल्या महिन्यात खडकेवाडीहून पत्र आलं. लिहिणाऱ्या मंगल कोळेकर तिथल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहेत. पत्र लहान आहे.

‘आमच्या शाळेच्या भिंतीवर ढवळेसाहेबांचं वाक्य रंगवलेलं आहे. साहेब स्वतः आमच्या गावी येऊन गेलेले आहेत, असं जुने लोक सांगतात. चौथीतल्या एका मुलीने मला विचारलं, बाई, आपल्या गावात अकरा ठिकाणी खणलं, ओल लागली नाही, मग आपण या देशातले नाही का? तिला काय सांगायचं ते कृपया कळवावे.’

मी अजून कळवलेलं नाही. गाळलेल्या भागाची सुरुवात ‘जिथं लागत नाही’ अशी होती, तेवढंच मला आठवतं. पुढचं काही केल्या येत नाही. महिनाभर रोज आठवून पाहते आहे.

पंखा थांबलाय. पात्यांकडे बघताना पापणी खाली येते, वर जाते, खाली येते.

ढवळेसाहेब कार्यालयाच्या जिन्यात बसलेले आहेत.

कार्यालय पाडून तिथे बँक झाली, हे मला ठाऊक आहे. पण जिना जुनाच आहे, लाकडी, मधल्या पायऱ्या झिजून खोलगट झालेल्या. साहेबांनी पूर्ण बाह्यांचा शर्ट घातलाय आणि घड्याळाची तबकडी नेहमीसारखी मनगटाच्या आतल्या बाजूला आहे. बूट मात्र स्वच्छ आहेत. जिवंतपणी त्यांचे बूट मी कधी स्वच्छ पाहिले नव्हते.

“या, सबनीसबाई,” ते म्हणतात. “वर जागा नाही. इथंच बसू.”

मी एक पायरी सोडून बसते.

“साहेब, तुम्ही वारलात.”

“हो. विट्यात.”

“तिकडची जमीन कशी आहे?”

“बघितली नाही,” ते म्हणतात. “खणायला कुणी सांगत नाही.”

ते दुःखी दिसत नाहीत, आनंदीही नाहीत. दीर्घ रजेवर असलेला माणूस दिसतो, तसे दिसतात. जिन्याच्या वरच्या टोकाला कुणीतरी टंकलेखन करतंय. मी प्रुफाचं पान शोधते. ते माझ्या हातात नाही, त्यांच्या हातात आहे आणि ते त्याने वारा घेतायत.

“मी तुमचं अर्धं वाक्य गाळलं,” मी म्हणते. हे मी त्यांच्यासमोर पहिल्यांदाच बोलते आहे.

“माहितेय की. वाचलं होतं मी.”

“मग बोलला का नाहीत?”

“तुम्ही चहा मागवला होता.”

टंकलेखन थांबतं आणि परत सुरू होतं.

“राग आला होता?”

“आला होता. एस.टी.त बसल्यावर आला. कराडपर्यंत होता.” ते पानाने वारा घ्यायचं थांबवतात. “मग लोकांना ते आवडायला लागलं. कुठं गेलो की म्हणायचे, हे ते ओल लागते म्हणणारे साहेब. सत्कार झाले. एका गावात तर फेटा बांधला. मीही मग उरलेलं सांगितलं नाही कुणाला. तेव्हा सगळं तुमच्या अंगावर घेऊ नका, बाई.”

“मला ते आठवत नाही, साहेब. उरलेलं. काय होतं?”

“चला,” ते म्हणतात आणि उठतात.

आम्ही जिना उतरतो. जिन्याला सतरा पायऱ्या होत्या, पण आम्ही उतरतच राहतो. टंकलेखनाचा आवाज वरून न येता खालून यायला लागतो, आणि तो टंकलेखनाचा राहत नाही. पायरीवर टाकलेलं माझं पाऊल मुरमात पडतं. ऊन आहे. समोर उघडं माळरान आहे, बाभळीची दोन झाडं आणि बोअरची गाडी, जमिनीत रॉड ठोकत असलेली. आवाज तिचा आहे.

“खडकेवाडी,” साहेब म्हणतात. “सत्त्याऐंशी साल.”

ते आता तरुण आहेत. केस काळे आहेत आणि बूट मातीने भरलेत. जमिनीवर चुन्याच्या फक्कीने केलेली फुली आहे, तिच्या बरोबर मध्यावर रॉड आत जातोय. गाव गोळा झालंय. बायका एका बाजूला, पुरुष एका बाजूला. कुणी बोलत नाही. सगळे रॉडकडे न बघता भोकातून वर येणाऱ्या भुकटीकडे बघतायत. भुकटीचा रंग बदलला, ती ओलसर झाली, की पाणी जवळ आलं. हे मला कुणी सांगत नाही, पण तिथे उभं राहिल्यावर ते कळतं.

“साठ फूट!” गाडीवरचा माणूस ओरडतो.

भुकटी कोरडी आहे.

“किती जागा दाखवल्यात तुम्ही इथे?” मी विचारते.

“ही चौथी.”

“आणि आधीच्या तीन?”

“कोरड्या गेल्या.”

“नव्वद!”

“मी गेल्यावर कुणी मारले का अजून?” ते विचारतात.

“आणखी सात. पत्रात एकूण अकरा लिहिलेत.”

“सगळे कोरडे?”

“हो.”

“जागा चुकल्या असतील,” ते पटकन म्हणतात. “घाईनं दाखवतात आजकाल.” मग गाडीकडे बघत, वेगळ्या आवाजात म्हणतात, “नाही. जागा नसतील चुकल्या. खाली सगळा एकसंध काळा कातळ आहे. कुठं भेग नाही. दुसऱ्या बोअरलाच कळलं होतं मला.”

“मग चौथा कशाला मारलात?”

ते बायकांच्या बाजूला बघतात. मीही बघते. पुढे एक म्हातारी उभी आहे, कपाळावर मोठं कुंकू, पदर खोचलेला, हात कमरेवर. ती भुकटीकडे बघत नाही. साहेबांकडे बघते आहे.

“नाही म्हणून सांगायचं धाडस झालं नाही,” साहेब म्हणतात. “नकाशा दाखवून सांगता आलं असतं. सांगायला पाहिजे होतं. त्यांनी आदल्या दिवशी ही सगळी जागा झाडून ठेवली होती, बाई. माळ झाडून ठेवला होता.”

“दीडशे!”

भुकटी उडते आणि सगळ्यांच्या अंगावर बसते. कुणी मागे सरत नाही. मी माझ्या नोकरीत साडेचारशे पानं भरून देशांबद्दलची वाक्यं लावली, पण ती बोलली गेली त्या जागी कधी उभी राहिले नव्हते. माझं काम टेबलावरचं. कुणी पाठवलं की शुद्धलेखन बघायचं, ओळी मोजायच्या.

“दोनशे!”

साहेब हात वर करतात. गाडी बंद होते. एवढा वेळ आवाजात उभं राहिल्यावर ती शांतता अंगावर येते. पुरुषांतले दोघं-तिघं खाली बसतात. एकजण टोपी काढून परत घालतो. साहेब फक्कीच्या फुलीशी उभे आहेत आणि त्यांना कुठे बघावं ते कळत नाही. मला वाटतं, आता कुणीतरी ओरडेल. ओरडावं असंही वाटतं.

म्हातारी पुढे येते. तिच्या हातात पितळी तांब्या आहे.

“साहेब, हात धुवा,” ती म्हणते.

“आक्का, राहू द्या. तीन मैलांवरून आणता तुम्ही पाणी.”

“म्हून काय तसंच बसणार व्हय भुकटीच्या हातानं? धुवा.”

“बायजाक्का,” साहेब म्हणतात. त्यांना तिचं नाव माहीत आहे. “पाणी नाही लागलं.”

“दिसलं की मला. डोळं हायती.”

“मी तुम्हाला काहीच दिलं नाही.”

“आन् मग?” बायजाक्का खरंच बुचकळ्यात पडते. “त्यानं तुमास्नी भूक लागायची ऱ्हायली का काय?”

ती तांब्या तिरका करते. साहेब ओंजळ पुढे करतात. पाण्याची धार बारीक आहे, करंगळीएवढी. ती एक थेंब जास्त पडू देत नाही आणि एक थेंब कमीही. मग माझ्याकडे वळते. “बाई, तुमी बी.”

मी हात धुते. पाणी गार आहे.

आम्ही शाळेच्या ओसरीवर जेवायला बसलोय. शाळा पत्र्याची आहे, तरी सावली बरी आहे. गाडीवरची माणसं पलीकडे बसलीयेत. परातीत बाजरीच्या भाकरी आहेत, एका वाटीत हिरवा ठेचा, दगडी भांड्यात ताक. मी भिंतीला पाठ टेकते, तेव्हा लक्षात येतं की तिच्यावर निळ्या रंगात अक्षरं आहेत. मान वळवून वाचते. ‘हा देश वरून कोरडा दिसतो.’ सगळं आहे तिथे, ‘तशीच’पर्यंत. खाली हातभर भिंत मोकळी आहे. मुद्दाम सोडल्यासारखी नाही. रंगाऱ्याला जेवढा मजकूर दिला, तेवढा त्याने लिहिला.

“सत्त्याऐंशी साली हे इथे कसं?” मी म्हणते. “मी एकोणनव्वदला छापलं.”

“जेवा,” साहेब म्हणतात. ते आता पुन्हा म्हातारे झालेत.

“साहेब, चार वाजता फोन येणार आहे. पुढचं सांगा. जिथं लागत नाही, तिथं काय?”

त्यांच्या तोंडात घास आहे. ते हाताने खूण करतात, समोर बघा म्हणून. समोर बायजाक्का आहे. ती परात कमरेवर घेऊन वाकते आणि माझ्या ताटलीत, मी नको म्हणत असताना, आणखी एक भाकरी टाकते.

“वाढतात,” मी म्हणते.

साहेब घास गिळतात. “जिथं लागत नाही, तिथं जेवायला वाढतात,” ते म्हणतात.

“एवढंच?”

“एवढंच. म्हणून तर गाळलंत तुम्ही.”

ते टोमणा म्हणून बोलत नाहीत. टोमणा असता तर मला सोपं गेलं असतं. मी भाकरीचा तुकडा मोडते, ठेच्यात बुडवते आणि खाते. ठेचा इतका जहाल आहे की कानशिलं तापतात. बायजाक्का माझ्याकडे बघून हसते. “शहरातल्या हायसा. सोसंल का?”

“सोसेल,” मी म्हणते. “साहेब, पण मी हे लिहू कसं? हस्तलिखित नाही. साक्षीदार नाही. कोशात प्रत्येक उद्गाराला आधार द्यावा लागतो. झोपेत ऐकलं असं म्हणता येत नाही.”

“मग खरं ते लिहा.”

“काय खरं?”

“की तुम्ही गाळलंत.”

तीन आवृत्त्यांच्या प्रस्तावना मी लिहिल्या. त्यांत छपाईच्या चुका कबूल केल्या, दोन चुकीची सालं कबूल केली. हे नाही केलं.

“आणि तुमचं?” मी विचारते. “चौथा बोअर?”

“ते मी तिला सांगितलंय,” साहेब म्हणतात आणि बायजाक्काकडे बघतात. “इकडं आल्यावर पहिलं तेच केलं.”

“काय म्हणाली?”

बायजाक्का ताक वाढत असते. ती वर न बघता म्हणते, “मला ठावं होतं की. मानूस कंदी खोटं बोलतोय ते दिसतंय. पर चारजण आशेनं उभं हुतं, त्यास्नी येक दीस बरा गेला.” मग भांडं खाली ठेवते. “बरं केलं असं न्हाई म्हणत मी. चूकच केली. पर जेवला न्हाईत तर मातूर राग यील.”

साहेब मान खाली घालून जेवतात. मीही जेवते. पत्र्यावर ऊन वाजतंय. शाळेच्या आत घंटा होते, लांबलचक, न थांबणारी.

“बाई, फोन वाजतोय,” साहेब म्हणतात. “घ्या. लोक खोळंबलेत.”

“तुम्ही?”

“मी बसतो जरा.”

फोन वाजतोय. पंखा जोरात फिरतोय, प्रुफाचे कागद खोलीभर झालेत. मी दिवाणावरून उठते, डाव्या हाताने फोन घेते आणि उजव्या हाताने डोळा चोळते.

“बाई, दस्तगीर बोलतोय. एकशे अडतीसचं काय करायचं?”

“लिहून घ्या,” मी म्हणते. “ढवळ्यांच्या वाक्यात ‘तशीच’च्या पुढे अर्धविराम. मग, ‘जिथं लागत नाही, तिथं जेवायला वाढतात.’ पूर्णविराम.”

पलीकडे पेन चालल्याचा आवाज येतो. मग तो थांबतो.

“हे नवीन आहे?”

“नाही. जुनं आहे. खाली टीप घ्या. ‘या उद्गाराचा उत्तरार्ध पहिल्या आवृत्तीच्या वेळी संपादिकेने गाळला होता. मूळ हस्तलिखित उपलब्ध नाही. येथे तो संपादिकेच्या आठवणीतून दिला आहे.’ आणि टिपेखाली माझं नाव.”

आठवण हा शब्द बरोबर आहे का, ते मला नक्की सांगता येत नाही. पण बोलता बोलता तो कागद मला दिसतो आहे. निळी शाई, साहेबांचं उजवीकडे कललेलं अक्षर, ‘वाढतात’मधला लांब काढलेला काना आणि त्याच्यावरून गेलेली माझी लाल पेन्सिल. तो महिनाभर दिसला नव्हता.

“बाई, टीप धरून पान चार ओळी पुढे जातंय,” दस्तगीरभाई म्हणतात. “पुढची सगळी पानं सरकतील. सूची परत करावी लागेल.”

“सरकू द्या. सूची मी करते.”

“बरं.” मी नाक ओढल्याचं त्यांनी ऐकलं असणार. “बाई, रडताय का?”

“नाही हो,” मी म्हणते. “डोळ्याला मिरची लागलीये.”

हे बोलून झाल्यावर मी काय बोलले ते माझ्या ध्यानात येतं. उजवा डोळा आगीसारखा झोंबतोय, पाणी गालावरून हनुवटीपर्यंत आलंय. फोन ठेवून मी हात नाकाशी नेते. लसूण, हिरवी मिरची, मीठ. अंगठ्याच्या नखात हिरवा कण अडकलाय. दुपारी मी दहीभात खाल्ला होता, चमच्याने.

तशीच टेबलाशी बसते आणि मंगल कोळेकरांना पत्र लिहायला घेते. त्या मुलीला सांगा, वाक्य अर्धंच लिहिलं गेलं होतं, चूक माझी आहे. खाली उरलेला भाग देते आहे, भिंतीवर जागा असेल तर रंगवून घ्यावा. डोळा उघडा राहत नाही, म्हणून पहिल्या दोन ओळी तिरक्या जातात, आणि कागदाला बोटांचा वास लागतो.